काठी टेकत जाणारं औषध

"आणखी थोडं द्या हो मॅडम, अंगठा अजून उडतोय!" ग्लोव्ह्ज घालून ताटकळलेल्या सर्जन डॉ. शहाण्यांनी फर्मावलं. टेबलावर ब्याऐंशी वर्षांचे तातोबा गुरव भुलीत होते. स्नायू सैल करणारं औषध नुकतंच दिलं होतं, पण स्नायू सैलावलेत का ते बघायला मनगटावर लावलेलं यंत्र विजेच्या चार-चार हलक्या टिचक्या देत होतं, आणि प्रत्येक टिचकीसरशी त्यांचा अंगठा हलतच होता.

"या वयात औषध काठी टेकत जातं, सर," अंगठ्यावरची नजर न काढता भूलतज्ज्ञ मुल्ला मॅडम म्हणाल्या. "पोचेल. आणि एकदा पोचलं की हट्टी जावयासारखं लवकर हलत नाही."

शहाण्यांनी पुढे केलेले हात मागे घेतले. गेल्या महिन्यात दुसऱ्या भूलतज्ज्ञाला त्यांनीच घाई केली होती, आणि जास्तीच्या डोसापायी एका आजींना दोन दिवस व्हेंटिलेटरवर काढावे लागले होते.

दोन मिनिटांत अंगठा निपचित पडला. आतड्याचं ऑपरेशन बिनबोभाट पार पडलं. शहाण्यांचा चहा बाहेर गार झाला, तरी औषध पुरतं उतरून चारही टिचक्यांना अंगठा सारख्याच जोराने उडेपर्यंत मॅडमनी श्वासाची नळी काढली नाही. मग तातोबा खणखणीत खोकले आणि त्यांनी मॅडमचा हात असा आवळला, की त्याच ओरडल्या, "सोडा हो आजोबा, ताकद आली, कळलं!"

हात धुताना शहाणे हळूच म्हणाले, "माझ्या आईचं पित्ताशय काढायचंय. एकोणऐंशीची आहे. तुम्हाला सवड असेल तेव्हाच करू." मग घाईसाठी गावभर नावाजलेला तो माणूस पुढे म्हणाला,

"मला काही घाई नाही."