वार पाळला कुणी

प्रियदर्शनीला लाज नावाची गोष्टच नव्हती. देवीची यात्रा तोंडावर आलेली, पाळणुकीचा मंगळवार, अख्ख्या वडगावात माग बंद, शेताकडं कुणी फिरकलेलं नाही, आणि ही कार्टी तोंड न धुता कॉम्प्युटरपुढं. हाक मारली तर ओ नाही. पुढ्यात ठेवलेल्या चहावर साय धरली.

"आज वार हाय. ह्या घरात मशीन चालवायचं न्हाई," जयाबाई म्हणाली.

"आज्जी, हा काय माग हाय?"

"वीज खातंय न्हवं? मग मागच."

तिनं उठून मेन स्विच खाली ओढला.

पंखा थांबला. प्रियदर्शनी खोलीतनं बाहेर आली ती पांढरीफटक होऊन. तिच्यामागं धाकटा भाऊ मंथन, बगलेत लॅपटॉप.

"काय केलंस हे आज्जी! जगभरची पोरं बसल्यात माझ्या भरवशावर."

मग तिनं सगळं सांगितलं. जपानी कार्टूनचं वेड असलेल्या पोरांची स्पर्धा तिनं स्वतः ऑनलाइन भरवली होती. तिनं पाठवलेले कार्टूनचे तुकडे कापायचे, एका गाण्यावर जोडायचे आणि तयार व्हिडिओ ठरल्या वेळात परत पाठवायचा. तुकडे तिच्या कॉम्प्युटरवरनं जात होते. नंबर काढणारे दुसरेच होते, घड्याळ तेवढं तिच्या हातात. मंथनही स्पर्धेत उतरला होता. तारीख ठरवताना वाराचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आता मंथनसकट काहींना सगळे तुकडे मिळाले होते, काहींना अर्धेच.

जयाबाईला वाटलं, ही आता रडेल, हातापाया पडेल, मग बघू. प्रियदर्शनी रडली नाही.

"वार कवा सुटतो?"

"देवापुढं दिवा लागला की."

प्रियदर्शनीनं मोबाईलवर काहीतरी लिहिलं आणि आज्जीला मराठीत वाचून दाखवलं. आमच्या गावात आज देवीचा वार आहे. मी घड्याळ थांबवलंय. आमच्या घरी दिवा लागला की परत सुरू करीन. तोवर कुणीही कामाला हात लावायचा नाही. तपासायला मी येणार नाही, तुमच्या शब्दावर सोडलंय.

जयाबाई हसली. "थांबत्यात व्हय! दाराआड कोण बगतंय त्यास्नी?"

मोबाईल वाजू लागला. वाजतच राहिला. प्रियदर्शनीनं एकेक फोटो पुढं धरला. कुणी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला. कुणी हाताची घडी घालून बसलेलं. एकानं देवीचं नाव विचारलं होतं. जयाबाईनं मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"ही कुटली गं, बारीक डोळ्याची?"

"फिलिपिन्सची."

"हिला काय पडलंय आपल्या देवीचं?"

"देवीचं न्हाई आज्जी. थांबते म्हणाली, म्हणून थांबली."

जयाबाईनं मोबाईल परत दिला. मग परत मागून घेतला आणि त्या पोरीचा फोटो पुन्हा बघितला.

पण मंथन मागल्या पायरीवर तोंड पाडून बसलेला दिसला, आणि तिचा जीव खाली-वर झाला. "अर्ध्यावर ऱ्हायलं व्हय रं? टिळकवाडीला तुज्या दोस्ताकडं, अमृतकडं जा. तिथं कुटला वार?"

"आज्जी, आक्कानं घड्याळ थांबवलंय."

"थांबली ती परकी पोरं. तू घरचा. पयला नंबर आपल्या दारात याय पायजे. ऊठ, कुणाला सांगू नको."

मंथन उठला.

दिवा लागला. जयाबाईनं स्वतःच्या हातानं मेन वर केला. प्रियदर्शनीनं घड्याळ सुरू केलं. राहिलेले तुकडे ती पाठवत होती, तोवर मंथन आला आणि त्याचा व्हिडिओही आला, पुरा. तिनं तो बघितला. बघताना तिचा चेहरा फुलला, आणि मग एकदम उतरला.

"कवा केलास?"

मंथननं लॅपटॉप मिटला.

"मंथन्या, कवा केलास?"

"दुपारी. अमृतच्या घरी."

"कुणी सांगितलं तुला?"

जयाबाईच्या हातात तेलाची वाटी होती. आता पोरगं आपल्याकडं बोट करणार, असं तिला वाटलं. मंथननं मान वर केली नाही. "कुणी न्हाई. माझं मीच," तो म्हणाला.

प्रियदर्शनीनं डोळे पुसले आणि टाइप करायला लागली.

"काय लिवतीस?"

"मंथन बाद. घड्याळ बंद असताना काम केलं. हा माझा सख्खा भाऊ आहे."

"अगं, साऱ्या जगाम्होरं? सख्ख्या भावाला?"

"सगळी थांबली होती आज्जी," प्रियदर्शनी म्हणाली, आणि बटण दाबलं.

मंथन चपला न घालताच मागाच्या खोलीत गेला आणि अंधारात बसला. त्यानं दिवासुद्धा लावला नाही. जयाबाई दारापर्यंत गेली, आत बघितलं, परत फिरली. ह्या घरात तिनं सुना रडवल्या होत्या, लेकांची तोंडं बंद केली होती, गल्लीतल्या थोराथोरांना उंबऱ्यावरनं परतवलं होतं. खाली बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिनं वाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि कॉम्प्युटरपुढं जाऊन उभी राहिली.

"न्याव अर्धाच केलास तू," ती म्हणाली. "जाणाऱ्याला काढलंस, धाडणारीला सोडलंस. लिव खाली. आज्जीबी बाद."