मनगटावरचा रंग

सुधारगृहात सकाळच्या हजेरीला मुलाणी मॅडम आल्या, "काय रे, झोप लागली का?" म्हणाल्या, की पोरांच्या मनगटावरचे पट्टे हिरवे व्हायचे. समोरच्या माणसाची भीती वाटली, तर पट्टा लाल होई. गृहपाल पाटोळे आले, की अख्खी रांग लालभडक!

"बाई कालची आलेली, आणि आमची वीस वर्षं पाण्यात!" पाटोळ्यांचा नुसता जळफळाट व्हायचा.

पट्टेच बिघडलेत, हे दाखवून द्यायला त्यांनी एक पट्टा घरी नेला आणि अभ्यासाला बसलेल्या लाडक्या लेकीच्या मनगटावर हौसेनं बांधला.

पट्टा लाल झाला. वही मिटून पोर चटकन उभी राहिली.

"बाबा, माझं काय चुकलं?"