दार उघडं राहू द्या

"लघवीच्या तक्रारीला डॉक्टरीणबाई? नको रे बाबा. आपण मोठ्या डॉक्टरांसाठीच थांबू," टोपीवाला म्हणाला.

बाकावरच्या बाकी पुरुषांनी माना डोलावल्या. मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी रांग होती. शेजारची नव्या डॉक्टरबाईंची खोली कालच्यासारखीच रिकामी. असंच चाललं तर त्यांना इथे ठेवणार नाहीत, असं कंपाउंडर सांगत होता.

बाकाच्या टोकाला कारखान्यात लेथ मशीन चालवणारा एक लेथवाला पाण्याची बाटली घेऊन बसला होता. मघापासून तो सारखा बाथरूमला जाऊन येत होता. आताही येता येता त्याने डॉक्टरबाईंच्या पाटीवरची धूळ रुमालाने पुसली.

"पाटी काय पुसता काका? आत जा की," टोपीवाल्याने चिमटा काढला.

"जातोच."

"बाईमाणसाला सांगणार काय?"

"जे बिघडलंय ते. मशीन बंद पडल्यावर मेकॅनिकला मिशी आहे का ते बघता का तुम्ही?"

तो आत गेला. कंपाउंडर दार ओढू लागला.

"उघडं राहू द्या. लेथच्या आवाजात जन्म गेला, मला हळू बोलता येत नाही."

डॉक्टरबाईंनी वर पाहिलं. पेन क्षणभर थांबलं. मग नाव-वय न विचारताच त्यांनी केसपेपर पुढे ओढला.

"बोला. काय त्रास?"

"साखर आहे. लघवीला सारखी घाई, पण धार बारीक. मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. आणि..." त्याने घसा खाकरला. "वर्षभर बायकोकडे पाठ करून झोपतोय. मन असतं, शरीर साथ देत नाही. तिला वाटतं, मी रागावलोय."

बाहेर बाकावरच्यांनी कान टवकारले.

"साखरेने नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात, त्याचा हा परिणाम," डॉक्टरबाईही खणखणीत आवाजात म्हणाल्या. "यात मर्दानगीचा काही संबंध नाही. साखर आटोक्यात आणू. औषधं आहेत, पुष्कळांना गुण येतो."

टोपीवाला उठला आणि या दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्यामागे आणखी एक. मग आणखी दोघे.

डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं. हसू आवरेना.

"बाबा! तुम्हाला कुठली आलीय साखर? केवढं हे नाटक! बाहेर रांग लागलीय."

लेथवाल्याने रिकामी बाटली टेबलावर ठेवली. लेकीकडे डोळे भरून पाहिलं.

"नाटक आवाजाचं तेवढं होतं," तो अगदी हळू म्हणाला. "आता औषध लिहा, डॉक्टर."