आधी कालचं

अक्कांच्या स्वयंपाकघराचा दरारा असा, की बाहेरचा घास उंबऱ्याच्या आत येत नसे. अशा घरातल्या यजमानांनी उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात आडवं व्हावं, म्हणजे अक्कांचं नाकच कापलं गेलं.

"बाहेरचं काही खाल्लं होतं का यांनी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाहेरचं? आमच्याकडे? रोज सकाळी उठून ताजा स्वयंपाक करते मी, स्वतःच्या हातानं."

"मग काल काय जेवले?"

"काल परवाचं जेवले. शिल्लक असताना ताजं वाढायला मला काय चळ लागलाय?"

"आणि काल केलेलं ताजं?"

"ते आज संपवायचं होतं. तर हे इथं येऊन झोपले." अक्कांनी यजमानांकडे जळजळीत पाहिलं. "आता फ्रिजात दोन दिवसांचं साचलं, ते कुणी खायचं?"

तेवढ्यात दवाखान्याचं अळणी सूप आलं. यजमानांनी वाफाळती वाटी दोन्ही हातांत धरली, डोळे मिटून एक घोट घेतला आणि हळूच म्हणाले,

"डॉक्टर, मला घरी सोडायची घाई करू नका."