पाणी इथवर आलं होतं

हात पुरेना म्हणून प्रमिलाबाई पाटावर चढल्या आणि हातातलं लाटणं थेट पत्र्याखालच्या लाकडाला टेकवलं. "आठलगून उनं व्हतं पानी, माय."

हर्षदाने मान वर करून पाहिलं. खाडीच्या पुराची पाहणी करायला आलेली ही इंजिनियर पोरगी, बोलायची मराठी, मध्येच गुजराती. "मावशी, चोक्कस? नक्की इतकं पाणी?"

"कानबाईनी आन!"

शपथ धडधडीत खोटी होती. पाणी गुडघ्याएवढं आलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ओसरलंही होतं. पण लिंबायतच्या खाडीकाठी इतके पावसाळे काढल्यावर एवढी अक्कल येतेच, की पाहणीवाल्यांना पाणी कमी सांगणारा वेडा ठरतो. मागच्या खेपेला छातीएवढं सांगणाऱ्यांना धान्य आणि ब्लँकेटं मिळाली. खरं बोलणारे हात चोळत बसले. म्हणून प्रमिलाबाईंनी सकाळीच घरोघर बजावलं होतं, पाणी पत्र्याला लागलं होतं, असंच सांगायचं. आता त्यांनी कोनाड्यातल्या कानबाई देवीची मनातल्या मनात माफी मागितली. यंदा तुझ्या सणाच्या रोटांना गहू जास्त दळीन, असंही कबूल केलं.

गल्लीने बाईंचा शब्द राखला. फक्त कोपऱ्यावरचे सुकलालबाबा अडून बसले. "गुडघालगून. बस."

"बाबांना वयामुळे आठवत नाही," शेजारची रंजना हसत म्हणाली, तशी हर्षदाही हसली. प्रमिलाबाईंना हायसं वाटलं.

हर्षदाबरोबरच्या माणसाने शिडी लावून घराघरात पत्र्याखाली लाल ऑइलपेंटची रेघ ओढली.

"आते खाडीले भिंत बांधशात ना?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"भिंत नाही, मावशी. एवढं पाणी चढतं ती जागा खाडीचीच. घरं उठवून ती जागा तिला परत द्यायची. झाडं लावायची, पाणी पसरू द्यायचं." हर्षदाचा चेहरा खुलला होता. ही योजना तिच्या मनापासूनची होती. "ज्यांच्याकडे घराचे कागद आहेत त्यांना लांब कोसाडला सरकारी घर मिळेल."

गल्लीत कागद कुणाकडेच नव्हते. सगळी घरं तोंडी व्यवहारात घेतलेली, पत्र्याला पत्रा जोडून वाढवलेली. प्रमिलाबाई हर्षदाच्या पुढ्यात आल्या.

"मी खोटं बोलनू, माय! गुडघालगूनच व्हतं पानी. कानबाईनी आन!"

हर्षदाने त्यांचा हात हळूच हातात घेतला. "घर जाणार म्हटलं की सगळे असंच म्हणतात, मावशी. आणि आन तर तुम्ही मघाशीच घेतलीत."

हर्षदा आणि तो माणूस शिडी उचलून पुढच्या गल्लीत गेले. रंग अजून ओला होता. प्रमिलाबाई घाईघाईने पाटावर चढल्या. पदराचा बोळा केला, टाचा उंचावल्या, अंग ताणून ताणून पाहिलं. हात रेघेपासून लाटणंभर खालीच राहिला.