खिंडीच्या अलीकडे

“खिंडीत ढग दिसले तर?” मुलीनं विचारलं.

“मागे फिरायचं.”

“आणि?”

“सापडेल त्या धावपट्टीवर उतरायचं.”

“आणि उतरल्यावर?”

“फोन. सगळ्यात आधी फोन. पाठ झालंय गं मला.”

टेबलावर नकाशा पसरला होता. बापानं पेन्सिलीनं ओढलेली रेघ गावाबाहेरच्या लहान विमानतळावरून निघून, डोंगर ओलांडून, समुद्राकाठच्या शहराला टेकली होती. चष्म्याच्या दुकानात उभा जन्म गेलेला हा माणूस साठीच्या उंबरठ्यावर विमान शिकला होता. लायसन्सची शाई वाळली नव्हती आणि निघाला होता एवढ्या लांब, तेही एकटा. मुलीनं रेघ पुन्हा तपासली. वारा, इंधन, वळणं, काहीच चुकलं नव्हतं. त्यामुळे तिच्या कपाळावरच्या आठ्या उलट वाढल्या.

“जायलाच हवं का तुम्हाला?”

“जाऊन येतो की.”

मुलगी त्याच विमानतळावर विमान चालवायला शिकवायची. बापाची शिक्षिकाही तीच. वर्गात ती त्याला इतरांसारखंच अहो-जाहो करायची आणि घरीही तसंच. घरातलं ‘ए बाबा’ आई गेली त्या दिवशी बंद पडलं होतं.

त्या दिवशी तिची शिक्षक होण्याची परीक्षा होती. इकडे दवाखान्यात आईचा श्वास लागला होता. परीक्षा होऊ दे, मग सांगू, असं बापानं ठरवलं. पोरीचं वर्ष वाया जाऊ नये, एवढाच त्याचा हिशोब. पास झालेली मुलगी हसत हसत दवाखान्यात शिरली, तेव्हा खाटेवरची चादरसुद्धा बदलून झाली होती.

“एक फोन करता आला नाही तुम्हाला?” एवढंच ती म्हणाली. मग घरात कामापुरतं बोलणं उरलं. वर्गात तरी तिला आपल्याशी बोलावंच लागेल, म्हणून तो विमान शिकायला गेला. लोकांना वाटलं, म्हातारचळ.

समुद्राकाठच्या त्या शहरात त्याचं काडीचंही काम नव्हतं. पण एवढा पल्ला एकट्यानं मारून दाखवला, तर पोरगी एकदा तरी ‘ए बाबा’ म्हणेल, असे मांडे तो मनात खात होता. नाहीच म्हणाली, तर पुढे काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. रिकाम्या घरात दोघांनी दोन खोल्यांत जेवणं त्याला आता सोसवत नव्हतं.

सकाळ लख्ख होती. डोंगर जवळ आले आणि समोर जिथं खिंड असायला हवी, तिथं नुसता पिंजलेला कापूस दिसला.  क्षणभर त्याला वाटलं, घुसावं. घुसलो आणि संपलो तरी कुणाचं काय अडणार आहे? पण हातांनी शिकवल्याप्रमाणे विमान वळवलं होतं. डोंगराआड रेडिओवर खरखरीशिवाय काही येत नव्हतं. खाली पिकांवर फवारणी करणाऱ्या विमानांची जुनी पट्टी दिसली. तिथं तो आदळत, उसळत उतरला.

इंजिन बंद केलं आणि त्याला रडू फुटलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्याला जगावंसं वाटलं होतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

पट्टीचा राखणदार चहा घेऊन आला. “घरी कळवायचं असेल तर हा घ्या फोन.”

त्यानं फोन घेतला. नंबर दाबत आणला आणि शेवटच्या आकड्याला बोट थबकलं. ती काय म्हणेल ते त्याला ऐकू येत होतं. ‘हलू नका तिथून, मी येते न्यायला.’ शाळेतून पोर घरी आणावं तसं आणेल. सगळ्या विमानतळासमोर नाक कापलं जाईल, आणि घरात पुन्हा तेच अहो-जाहो.

“राहू दे. पोचूनच करतो,” त्यानं फोन परत दिला. “ढग काय, हटतील आता.”

ढग हटेनात. दोघं शेडमध्ये बसून राहिले. बऱ्याच वेळानं वर, ढगांच्या पोटात, बारीक घरघर ऐकू आली आणि खिंडीच्या दिशेनं निघून गेली.

“तुमच्यातलंच कुणी दिसतंय,” राखणदार म्हणाला.

“असल्या हवेत? अकलेचा खंदक असणार!” तो मोठ्यानं हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. आपण मागे फिरलो, हेच शहाणपण झालं असं त्याला मनापासून वाटलं.

दुपार कलता कलता आभाळ मोकळं झालं. तो पुन्हा निघाला. खिंड उंचावरून, नजर समोर ठेवून पार केली. मग एकदम समुद्र दिसला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं रेडिओवर विमानाचा क्रमांक सांगितला. पलीकडे कुणीच बोलेना. त्यानं पुन्हा सांगितला.

“उतरा,” शेवटी आवाज आला. “बाकीचं खाली बोलू.”

उशीर झाल्याबद्दल चांगली हजेरी घेणार, त्यानं ओळखलं. घेऊ देत. इतका अलगद तो आजवर कधीच उतरला नव्हता. हे बघायला पोरगी इथं हवी होती.

धावपट्टीच्या कडेनं दोन रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडत होत्या. तो खाली उतरून हात हलवू लागला. मनोऱ्यातला माणूस धावत त्याच्याकडे आला.

“अहो, परत बोलवा त्यांना!” तो हसत म्हणाला. “मी धडधाकट आहे. आणि तेवढा मुलीला एक फोन लावून द्या.”

त्या माणसानं त्याचा हात आपल्या हातात घेतला.

“गाड्या तुमच्यासाठी नाहीत, काका. तुम्हाला शोधायला तुमची मुलगी खिंडीत शिरली होती.”