दिवेलागण, साडेअकराची

सकाळचे साडेअकरा वाजत आले, की साक्रीच्या माळावर कौतिकबाई आपल्या बायांना झाडू खाली ठेवायला लावायची. "फिजीत दिवेलागण झाली. लक्ष्मी यायच्या वेळेला कुणी केर काढतं का?" ज्या देशात ऊन असेल त्यानं अंधारातल्या देशांना समुद्राखालच्या तारेतून वीज धाडायची, असा जगाचा करार होता. फिजीच्या संध्याकाळी साक्रीच्या वाट्याला आल्या होत्या. माळभर पसरलेली सोलर पॅनेल झाडून लख्ख ठेवण्याचं काम कौतिकबाईचं.

आज मात्र ऐन सव्वाअकराला वावटळ आली आणि सगळी पॅनेल धुळीनं माखली. फिजीशी बोलायला माळावर लावलेल्या पडद्यावर तिथली सुईण लितिया काकुळतीला आली होती. यंत्र तिचं बोलणं मराठीत सांगत होतं, "बाई, बाळंतीण अडलीय आणि दिवे मिणमिणताहेत!"

बाया कौतिकबाईकडे पाहू लागल्या. इंजिनिअर निकुंभ चाचरत म्हणाले, "साडेअकरा होताहेत. तुमचा नेम..."

"नेम गेला खड्ड्यात! झाडा गं!" पदर खोचून तिनं पहिलं पॅनेल स्वतः झाडलं.

बाराच्या सुमारास पडद्यावर लख्ख उजेड पडला. त्या उजेडात लितियाच्या हातातलं बाळ टाहो फोडत होतं.

"दिवेलागणीला केर काढलात," निकुंभ हसले. "लक्ष्मी रुसली तर?"

"रुसायला ती इथं आहे कुठं, साहेब?" कौतिकबाईनं भर उन्हात हात जोडले. "ती फिजीला पोचलीसुद्धा. आम्हीच तर तिला वाट झाडून दिली."